थेट म्हणजे किती थेट?

गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं काम मी करतो. मैदानाच्या बाहेर, रसवंतीच्या बाकड्यावर बसून तोच सामना मोबाइलवर बघणारी पोरं हमखास असतात. आत एकदम ओरडा होतो. स्क्रीनवर बोलर अजून चेंडू हातात घेऊन चालत निघालेला असतो. पोरं एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "गेला बघ." वीसेक सेकंदांनी बॅट्समन खरंच आउट होतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका असतो, त्याच्या शेजारी 'लाइव्ह' लिहिलेलं असतं.

हे वीस सेकंद जातात कुठे? पोरांना वाटतं, गावात रेंज नाही म्हणून. रेंज चांगली असली तरी ते जातातच. माझ्या मशीनमधून निघालेला व्हिडिओ सर्व्हरवर पोचतो, तिथे त्याचे काही सेकंदांचे तुकडे पडतात, आणि तुमचा फोन असे दोन-तीन तुकडे आधी साठवून मग पहिला दाखवायला सुरुवात करतो. मध्येच नेट गेलं तर चित्र अडकू नये म्हणून ही शिदोरी. आपण बघतो ते नेहमी थोडं शिळं असतं, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

पण सर्व्हरच्या आधी आणखी एक प्रवास असतो, कॅमेऱ्यापासून माझ्या टेबलापर्यंतचा. पूर्वी तो केबलने व्हायचा. एचडीएमआयची साधी केबल दहा-पंधरा मीटरपुढे कुरकुर करते. एसडीआयची शंभर मीटरच्या आसपास जाते, पण ती गुंडाळत, सोडवत, लोकांच्या पायातून वाचवत कॅमेरामनच्या मागे धावायला एक माणूस लागतो. आता कॅमेऱ्यावर ट्रान्समीटर बसतो, माझ्याजवळ रिसिव्हर असतो, आणि मध्ये फक्त हवा.

या हवेतल्या प्रवासालाही वेळ लागतो, आणि तो यंत्रागणिक वेगळा असतो. आम्हाला परवडणारे सेट व्हिडिओ आधी दाबून लहान करतात, पाठवतात आणि पलीकडे पुन्हा उलगडतात. त्यात साधारण ८० मिलिसेकंद जातात. म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेम. स्ट्रीमिंगमध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सिनेमाच्या सेटवर मात्र तेवढ्यानेही शॉट वाया जातो. फोकस पुलर हल्ली बऱ्याचदा कॅमेऱ्यापासून लांब बसून, मॉनिटरवर बघत वायरलेसनेच फोकस फिरवतो. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ २ वर आहे आणि अभिनेता दोन मीटरवरून कॅमेऱ्याकडे चालत येतोय असं धरा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा असतो. साध्या चालीत माणूस ८० मिलिसेकंदांत ११ सेंटिमीटर पुढे येतो. मॉनिटरवर डोळे दिसेपर्यंत ते डोळे त्या जागेवरून निघून गेलेले असतात.

म्हणून मोठ्या सेटवर टेराडेक बोल्टसारखी यंत्रं असतात. ती अमिमॉन या इस्रायली कंपनीच्या चिपवर नावाजली. त्यांचा उशीर एका मिलिसेकंदाहून कमी. त्यांची युक्ती मला फार आवडते. चित्रातला महत्त्वाचा भाग ती भक्कमपणे पाठवतात आणि बारीकसारीक तपशील हलक्या हाताने. सिग्नल कमजोर झाला तर चित्र थांबत नाही, फक्त खरखरीत होतं. स्वस्त सेटमध्ये चित्र शेवटपर्यंत छान दिसतं आणि मग एकदम गोठतं.

गोठायला कारणंही भरपूर. यातली बहुतेक यंत्रं ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात २०१८ साली या पट्ट्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवान्यातून मोकळा झाला. मोकळा झाला तो सगळ्यांसाठीच, त्यामुळे पाहुण्यांचे हॉटस्पॉट, हॉलचा वायफाय आणि माझा कॅमेरा एकाच बोळात गर्दी करतात. या लहरी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर लांबीच्या. पाणी त्यांना शोषतं, आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. सकाळी रिकाम्या मांडवात टेस्ट केलेला सिग्नल अक्षता वाटून झाल्यावर, सगळे उभे राहिले की बसतो. खोक्यावर चारशे फूट लिहिलेलं असतं, ते मोकळ्या माळावरचं. त्यामुळे रिसिव्हर माणसांच्या डोक्यांच्या वर, दहा फुटी स्टँडवर चढवायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

हे सगळं गणित कशासाठी, ते मला कऱ्हाडजवळच्या एका लग्नात कळलं. मांडव घरासमोरच्या शेतात होता. नवरीचा धाकटा भाऊ सकाळी आला. "दादा, आजी खाटंवर हाय, तिला बाहेर न्हेता येत न्हाई. तिला मोबाइलवर लावून देऊ का?" मी विचारलं, आजीची खोली कुठली? त्याने सत्तरेक मीटरवरची खिडकी दाखवली. तोंड मांडवाकडे.

लाउडस्पीकर त्या खिडकीत स्वच्छ ऐकू येणार होता. म्हणजे 'सावधान' आजीच्या कानावर आत्ता पडणार आणि फोनवरची नात वीस सेकंदांनी तिथे पोचणार. आजीच्या मुठीत अक्षता. त्या टाकायच्या कधी?

माझ्या सेटला दोन रिसिव्हर होते. एक टेबलाजवळ ठेवला, दुसरा त्या खिडकीच्या गजाला बांधला आणि एचडीएमआयने टीव्हीला जोडला. टीव्ही गेम मोडवर टाकला, कारण चित्र चकचकीत करण्याच्या नादात टीव्हीही उशीर करतो. कॅमेऱ्याचा, सेटचा आणि टीव्हीचा मिळून सेकंदाचा पाचवा हिस्सा झाला असेल. गंमत म्हणजे लाउडस्पीकरचा आवाज सत्तर मीटर कापायलाही तेवढाच वेळ घेतो. चित्र आणि आवाज आजीच्या खोलीत जोडीनेच पोचले.

मी मांडवातच होतो, त्यामुळे पुढचं भावाने सांगितलं ते. आजीने प्रत्येक 'सावधान'ला टीव्हीवर अक्षता टाकल्या. अंतरपाट सरला तेव्हा उरलेल्या सगळ्या एकदम टाकल्या आणि म्हणाली, "हितनं पण पडल्या का रं तिच्या डोस्क्यावर?"

त्याच वेळी मेलबर्नहून तिचा मोठा नातू यूट्यूबवर बघत होता. त्याची 'अक्षता टाकल्या' ही कॉमेंट आली तेव्हा मांडवात हार घालून होत आले होते. त्याचं काही बिघडलं नाही. त्याला पाहायचं होतं, आजीला लग्नात हजर राहायचं होतं.

आता कुणी कामासाठी फोन केला की कॅमेरे किती हवेत हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, बघणार कोण, कुठून, आणि बघितल्यावर त्यांना काही करायचं आहे का? नुसतं बघायचं असेल तर वीस सेकंद चालतात. फोकस ओढायचा असेल तर दोन फ्रेमसुद्धा जास्त. घरात अंथरुणाला खिळलेलं कुणी असेल तर सोबत दुसरा रिसिव्हर नेतो. त्याचे वेगळे पैसे लावत नाही. फक्त एवढंच सांगून ठेवतो, त्या खोलीची खिडकी उघडी राहू द्या.