बोदलकसा तलावाची पाळ आणि राखीव गडी

रविवार, दिनांक २३ फेब्रुवारी २०२५. आदल्या दिवशी तिरोड्याला आमच्या आत्येबहिणीच्या थोरल्या मुलीचा मंगल परिणय थाटात पार पडला होता. पाहुणे नागपूरचे, भंडाऱ्याचे आणि विदर्भ एक्सप्रेसने आलेले थेट मुंबईचे. मुंबईकरांची परतीची गाडी सोमवारी होती. मग हा मधला दिवस कुठे घालवायचा? बहीण म्हणाली, "घराजवळ एवढा तलाव आहे, अन् तुम्ही काय मांडवातले बांबू मोजत बसता जी?" झाले. सकाळी दोन काळी-पिवळी गाड्या ठरवल्या, शिदोरी बांधली आणि लेकराबाळांसह आम्ही अठरा जण बोदलकशाला निघालो.

तिरोडा सोडले की थोड्याच वेळात रस्ता बदलतो. धानाच्या कापलेल्या बांध्या, कुठे लाखोरी, कुठे उन्हाळी धानाचा हिरवा पट्टा, आणि मग जंगल सुरू होते. फेब्रुवारीच्या शेवटी पळस फुललेला असतो. झाडावर पान कमी आणि फूल जास्त. मोह अजून गळायला लागला नव्हता. हा सगळा भाग नागझिऱ्याच्या जंगलाला लागून आहे. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून या बाजूला शहरी पाहुण्यांची वर्दळ वाढली आहे.

बोदलकसा हा इंग्रजांच्या काळात बांधलेला, शंभर वर्षांहून जुना तलाव. डोंगरांच्या मधली मोकळी बाजू मातीची पाळ घालून अडवली आणि पाणी धानाच्या शेतीला दिले. गोंदिया-भंडाऱ्याला तलावांचा मुलूख म्हणतात ते उगीच नाही. पाळीवर उभे राहिले की समोर निळे पाणी, त्यामागे झाडीने भरलेले डोंगर, आणि पाठीमागे पाण्यावर जगणारी शेते. पर्यटन महामंडळाचे विश्रामगृह आहे, पण आमच्यासारख्यांनी आपली भाकर आपण न्यावी हेच बरे. आमच्या डब्यांत लाखोरीच्या डाळीचे वडे, भात आणि लग्नघरची उरलेली बुंदी होती.

सतरंजी अंथरली, चहा झाला, आणि आमच्या दादांनी तोंड उघडले. "काहून जी भाऊजी, शुक्रवारची जखम भरली का नाही?"

वाचकांना सांगितले पाहिजे की आमचे दादा नागपूरचे, एस.टी.च्या कार्यशाळेत नोकरी करून निवृत्त झालेले. भाऊजी वरळीचे, बेस्टमध्ये कंडक्टर होते. दोघेही क्रिकेटचे वेडे. दोन दिवस आधी, २१ फेब्रुवारीला, नागपूरच्या जामठा मैदानावर रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला ८० धावांनी हरवले होते. वऱ्हाडी जेवत असताना मांडवाच्या एका कोपऱ्यात हेच चालले होते. आता तर दिवसभर मोकळीक होती. त्या दुपारी दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता, पण आमच्या सतरंजीवर पाकिस्तानचे नावही कुणी काढले नाही.

भाऊजी म्हणाले, "हरलो ते मान्य. पण यशस्वी जयस्वाल घोट्याच्या दुखण्याने बाहेर होता, हे विसरू नका. तो असता तर ४०६ चा पाठलाग वेगळा झाला असता."

"एक गडी गेला अन् तुमचा संघ पडला? मग कसली मुंबई?"

"पडला कुठे? शेपटाने किती झुंजवले तुम्हाला! सहा गडी स्वस्तात गेल्यावरही ३२५ केले. शार्दूल ठाकूरने ६६ काढल्या. मुंबईची खोली पाहायची तर खालून मोजा. २०२४ च्या फेब्रुवारीत बडोद्याविरुद्ध दहाव्या आणि अकराव्या नंबरच्या गड्यांनी शतके ठोकली, तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे! २३२ धावांची भागीदारी! जगात किती संघांचे अकराव्या नंबरचे गडी शतक काढतात? आणि त्याच वर्षी मार्चमध्ये वानखेडेवर अंतिम सामन्यात तुम्हाला १६९ धावांनी हरवून आम्ही ४२ वा करंडक नेला."

हे खोटे नव्हते. दादा क्षणभर गप्प झाले, वडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "आता माझे ऐका. विदर्भ रणजी खेळायला लागला १९५७-५८ साली. साठ वर्षे आम्ही दुसऱ्यांच्या गुणतक्त्यात भर घातली. २०१७-१८ ला पहिल्यांदा जिंकलो, ते कसे? कोलकात्यात कर्नाटकाला पाच धावांनी हरवले तेव्हा उमेश यादव संघात होता. अंतिम सामन्याला तो भारताच्या दौऱ्यावर गेला. लोक म्हणाले, संपले. त्याच्या जागी कोण आला? अकोल्याचा आदित्य ठाकरे, एकोणीस वर्षांखालचा पोरगा. पहिलाच रणजी सामना आणि तोही अंतिम! दुसऱ्या बाजूने रजनीश गुरबानी, त्याने हॅटट्रिक घेतली. दिल्ली गारद. मोठा गडी गेल्यावर जो उभा राहतो, त्याला खोली म्हणतात जी. या वेळी पाहा. अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे, तिघेही भारताचे, एकाच षटकात गेले. कुणी काढले? पार्थ रेखडेने. पंधरा दिवसांपूर्वी त्याचे नाव तुम्हाला माहीत होते का?"

"नव्हते," भाऊजी प्रामाणिकपणे म्हणाले.

मग अंतिम सामन्याचे भाकीत सुरू झाले. बुधवारपासून नागपुरातच केरळशी गाठ होती. भाऊजी आता केरळच्या बाजूने गेले. केरळ बाद फेरीत पहिल्या डावाच्या आघाडीवर टिकत आला होता: जम्मू-काश्मीरवर एका धावेची, गुजरातवर दोन धावांची. गुजरातच्या शेवटच्या गड्याचा फटका जवळ उभ्या क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणावर आपटून झेल उडाला, नाहीतर केरळ घरी गेला असता. ज्यांना आकडेमोड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, बाद फेरीचा सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ जिंकतो. म्हणून एकेक धाव सोन्याची. "आणि तुमचा आदित्य सरवटे आता त्यांच्याकडे आहे," भाऊजींनी शेवटचा चिमटा काढला. २०१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ गडी बाद करून विदर्भाला दुसरा करंडक देणारा सरवटे या मोसमात खरोखरच केरळकडून खेळत होता. दादा म्हणाले, "आमच्याकडे हर्ष दुबे आहे. साखळीत सातपैकी सहा सामने जिंकून ४० गुण घेतलेत आम्ही. उगीच नाही."

दोघांचे काही मिटेना, तेव्हा बायकांनी निकाल दिला: तोंडाने काय खेळता, उठा. फेब्रुवारीत पाणी मागे सरकते आणि काठाला कोरडी, सपाट जमीन उघडी पडते. पळसाच्या काठ्या रोवल्या, रबरी चेंडू निघाला. मुंबई आणि विदर्भ असे संघ पडले. विदर्भाकडून गोलंदाजीला आला आमचा भाचा, नवरीचा धाकटा भाऊ. अकरावीत शिकतो, उंचनिंच, वेगाने चेंडू टाकतो. पुढच्या पंधरवड्यात त्याची निवड चाचणी होती, म्हणून घरात त्याचे कौतुक चालले होते.

पहिले तीन चेंडू सुरेख पडले. चौथ्याला त्याने पाय टेकला आणि तो जागेवरच थांबला. कमरेवर हात. चेंडू उचलायला वाकला तर वाकवेना. भाऊजी बॅट टाकून धावले. "अरे, काही नाही मावसाजी, उसण भरली," तो म्हणाला. पण त्याच्या आईने त्याच्या पिशवीतून पाणी काढायला हात घातला, तर हाती दुखण्याच्या गोळ्यांचे पाकीट आले. अर्धे संपलेले.

हळूहळू सगळे बाहेर आले. दोन महिन्यांपासून पाठीचा खालचा भाग दुखत होता. गोलंदाजी केली की जास्त, रात्री कूस बदलताना जास्त. लग्नाची गडबड, खर्च, त्यात आपले दुखणे कुठे सांगायचे? "आणि सांगितले असते तर चाचणीला बसू दिले असते का? मोठ्या मामाजींनी आताच सांगितले, उमेश गेला अन् दुसरा आला. माझ्या जागी दुसरा आला की माझी जागा कोण ठेवणार? आपल्यासाठी कोण राखून ठेवते?"

आमच्यापैकी कुणाला लगेच उत्तर सुचले नाही. सकाळपासून आम्हीच तर सांगत होतो की एक गडी पडला की दुसरा उभा राहतो. पडलेल्याचे पुढे काय होते, हे आम्ही बोललोच नव्हतो.

मग थोरले मामा बोलले. ते भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, वाचनाचा नाद असलेले. म्हणाले, "पोरा, पळवणकर बाळूचे नाव ऐकले का?" भाच्याने मान हलवली, ऐकले नव्हते. मामांनी सांगितले ते थोडक्यात असे. बाळू पळवणकर हे चांभार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदू संघातले लोक त्यांच्या चेंडूवर गडी बाद करून घेत, पण चहा त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद मिळाले नाही. १९२० साली कर्णधार पै आजारी पडले, तर बाळूंना संघातूनच वगळले आणि कर्णधारपद दुसऱ्याला दिले. तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल, दोघेही पहिल्या प्रतीचे खेळाडू, आम्हीही खेळत नाही म्हणून बाहेर राहिले. अंतिम सामन्याला बाळू परत आले, तेही उपकर्णधार म्हणून. पुढे १९२३ साली विठ्ठल त्या संघाचे कर्णधार झाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहून हरले, हेही मामांनी सांगायचे ठेवले नाही. "जे झाले ते सगळे सांगावे," ते म्हणाले.

"आता तुझे पाहा," मामांनी भाच्याचा हात धरला. "बाळूंची जागा कुणी राखली? दुखणे लपवून ती राहिली नाही. दोन भाऊ मागे उभे राहिले म्हणून ती परत मिळाली. तू एकटाच ओझे उचलून बसलास, तर आम्ही अठरा जण इथे वडे खायला आलो का?"

भाऊजी म्हणाले, "श्रेयस अय्यरने २०२४ च्या अंतिम सामन्यात ९५ काढल्या आणि पाठीने दगा दिल्यावर तो पुढे मैदानात उतरला नाही. त्याला कुणी भित्रा म्हटले का? त्याच्यासाठी दुसरा गडी क्षेत्ररक्षणाला होता. राखीव गडी असतात ते याच्यासाठीच, रे बाळा." सकाळपासून पहिल्यांदा दादा भाऊजींच्या म्हणण्याला "बरोबर" म्हणाले.

दुपारचे जेवण शांतपणे झाले. दुबईत विराट कोहलीचे शतक झाले आणि भारत जिंकला, हे रात्री घरी पोहोचल्यावर कळले. पाण्यावर बदके उतरली होती, ढिवर बांधव डोंगा घेऊन जाळी पाहायला निघाले होते. अंधारापूर्वी जंगलाचा रस्ता सोडायचा म्हणून आम्ही लवकर उठलो. सगळी पत्रावळ आणि प्लास्टिक गोळा करून परत आणले.

सोमवारी सकाळी दादा आणि भाऊजी, दोघेही भाच्याला घेऊन गोंदियाला डॉक्टरांकडे गेले. भाऊजींनी दुपारची गाडी कशीबशी धरली. तपासणीत कमरेच्या मणक्याला बारीक चीर निघाली. डॉक्टरांनी समजावले की वाढत्या वयाच्या वेगवान गोलंदाजांत हे दुखणे पुष्कळ आढळते. हाड कोवळे असते आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा ताण पडतो. वेळेत विश्रांती घेतली तर भरून येते. गोळ्या खाऊन खेळत राहिले तर चीर वाढते. किमान तीन महिने गोलंदाजी बंद, मग व्यायाम, मग हळूहळू सुरुवात. निवड चाचणी हुकली. पोरगा एक रात्र जेवला नाही.

आयाबायांनो आणि बापांनो, तुमच्याही घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. कबड्डी असो, खो-खो असो की क्रिकेट. कमरेचे दुखणे दोन-तीन आठवडे राहिले, तर उसण म्हणून सोडू नका, चोळून बसू नका. खर्चाच्या भीतीने मूल बोलत नसते, म्हणून आपणच विचारावे.

अंतिम सामना २ मार्च २०२५ रोजी संपला. विदर्भ ३७९, केरळ ३४२, सामना अनिर्णित, आणि ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक नागपुरात राहिला. दानिश मालेवारने पहिल्या डावात १५३ काढल्या, करुण नायरने दुसऱ्यात १३५. हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. आणि केरळकडून ७९ धावांची चिवट खेळी कुणी केली? आदित्य सरवटेने. भाऊजींनी वरळीहून फोन करून तेवढेच ऐकवले.

भाच्याने पावसाळाभर व्यायाम केला आणि हिवाळ्यात पुन्हा चेंडू हाती घेतला. एका दमात चारच षटके टाकायची, असा नियम त्याच्या आईने घातला आहे आणि ती मोजायला मैदानावर बसते. महाविद्यालयाच्या संघात त्या हिवाळ्यात तो बारावा गडी होता. त्याच्या जागी आलेल्या मुलाला तो पाणी नेऊन देत असे आणि चेंडू कुठे टाकायचा तेही सांगत असे.