बाबा गाडीत बसलेच नाहीत

गेल्या मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे चंदीगडला आले. मी इथे सेक्टर २२ मध्ये भाड्याच्या खोलीत राहते आणि कंटेंट रायटरची नोकरी करते. आईला शिमला बघायचं होतं. ऑफिसमधल्या एकानं ओळखीतली गाडी ठरवून दिली. टॅक्सीपेक्षा १,८०० रुपये स्वस्त! मी खूश होते.

सकाळी सहाला गाडी मार्केटसमोर आली. आईनं डबा आणि स्वेटर मागच्या सीटवर ठेवलेसुद्धा. बाबा मात्र गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले.

"प्लेट पांढरी आहे. मी यात बसणार नाही."

"बाबा, सगळे जातात हो अशा गाड्यांनी. त्या मुलाकडे लायसन्स आहे."

"लायसन्स त्याचं झालं. गाडीचं परमिट कुठंय?"

मला इतकी लाज वाटली! त्या मुलाच्या हातात पेट्रोलचे ३०० रुपये ठेवले, माफी मागितली आणि फुगून बसले. दुसरी टॅक्सी यायला तासभर होता. आम्ही चहाच्या टपरीवर थांबलो.

बाबा २८ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचा पितळी बिल्ला मी लहानपणी खेळायला घ्यायचे आणि ओरडा खायचे. तो मिळवायला काय करावं लागतं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. बाबांनी त्या दिवशी सांगितलं. साधं लायसन्स १८ व्या वर्षी मिळतं, पण प्रवासी किंवा माल वाहणाऱ्या गाडीवर वयाची २० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बसता येत नाही. ट्रक-बससाठी आधी हलक्या वाहनाचं लायसन्स निदान वर्षभर हातात हवं, मग प्रशिक्षण, डॉक्टरांचा दाखला, चाचणी. बाबांच्या काळी दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते पाच वर्षांनी झालं. प्रवासी न्यायचे तर बिल्लाही हवा.

मी लगेच मोबाइलवर शोधलं आणि म्हटलं, "पण नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, साडेसात टनांच्या आतली टॅक्सी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते."

"येऊ दे की. गाडीचं काय? भाड्यानं माणसं न्यायची तर गाडीला परमिट लागतं, फिटनेस लागतो. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी तपासणी. आणि विमा? खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा प्रवासी बसत नाही."

मग ते थोडं थांबले. म्हणाले, "तुझ्या आतोबांना त्या वडापमध्ये मीच बसवलं होतं."

मी गप्पच झाले. २००६ साली आतोबा लग्नाहून परतताना जीपच्या अपघातात गेले, एवढंच मला माहीत होतं. त्या दिवशी पुढची एसटी दोन तासांनी होती. बाबाच म्हणाले होते, "जा जीपनं, लवकर पोहोचाल." जीप खासगी होती. विमा कंपनीनं भाड्याचे प्रवासी म्हणून हात वर केले. जीपमालकाकडे द्यायला काही नव्हतं. आत्या कित्येक वर्षं कोर्टाच्या तारखांना जात राहिली. तिच्याबरोबर रजा टाकून कोण जायचं, ते मला त्या टपरीवर कळलं.

आईनं काही न बोलता बाबांचा चहाचा रिकामा ग्लास उचलून ठेवला.

टॅक्सी आली. पिवळी प्लेट, काळी अक्षरं. बाबांनी ड्रायव्हरला मोडक्या हिंदीत कागद विचारले. मला वाटलं, तो चिडेल. पण त्यानं हसत सगळे कागद दाखवले आणि बाबांना पुढच्या सीटवर बसवलं. शिमल्यापर्यंत दोघं घाटातल्या ब्रेकवर बोलत होते.

तेव्हापासून मी गाडी ठरवताना आधी नंबर मागून घेते. प्लेट पिवळी आहे ना, ते बघते. इलेक्ट्रिक टॅक्सी असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं असतात. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे, ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. तुम्हीही करून बघा, विशेषतः मुलांची स्कूल व्हॅन ठरवताना.

परत आल्यावर मी आत्याला फोन केला. शिमल्याचे फोटो पाठवले. तिनं सगळ्यात आधी विचारलं, "गाडी कुठली केली होती गं?"

"पिवळ्या प्लेटची," मी म्हटलं.