विजयदुर्ग, हेलियम आणि आपला मोठेपणा

विजयदुर्गात 18 ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. किल्ल्यातल्या ‘साहेबाच्या ओट्यां’जवळ सांगितलं जातं की 1868 साली याच दिवशी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथून खग्रास सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना हे ऐकून बरं वाटतं. मलाही वाटतं. पण नोंदी वेगळं सांगतात.

त्या दिवशी चंद्राची सावली आपल्या किनाऱ्यावरून गेली, हे खरं. विजयदुर्ग तिच्या वाटेवर होता. पण लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ग्रहण पाहणाऱ्यांत जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा इतक्या ठळक होत्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसतील हे जान्सेनच्या लक्षात आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याने ते करून दाखवलं. लॉकियरने तीच गोष्ट 20 ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधून केली. तिथे एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या रेषांच्या अगदी शेजारी, पण सोडियमची नव्हे. ओळखीच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या मूलद्रव्याला हेलियम म्हटलं गेलं. पृथ्वीवर ते सापडायला 1895 साल उजाडलं. रॅम्सेला ते एका युरेनियमयुक्त खनिजात मिळालं.

माझा भाचा मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून पुण्याच्या कंपनीचं काम गावातून करतो. घरात रेंज नाही, म्हणून सड्यावर जाऊन बसतो. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, “मामू, जाऊ दे ना. गावाचं नाव होतंय, कोणाचं काय बिघडतंय?”

प्रश्न रास्त आहे. पण बिघडतं असं मला वाटतं, आणि ते फक्त विजयदुर्गापुरतं नाही. आपल्या बिरादरीच्या ग्रुपवर दर आठवड्याला एक मेसेज येतो की क्वांटम भौतिकी कुरआनात आधीच सांगितलेली आहे. शेजारच्या ग्रुपवर ती वेदांत सापडते. दोन्हीकडे पाठवणाऱ्याला वर्णपट म्हणजे काय, हे ठाऊक नसतं. शोध आपला ठरला की तो समजून घ्यायची गरज उरत नाही. नुकसान होतं ते हे.

ग्रहणाचीच गोष्ट घ्या. मदिनेत प्रेषितांचा लहान मुलगा इब्राहीम वारला, त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. लोक म्हणू लागले, सूर्यसुद्धा शोक करतोय. प्रेषितांच्या घरचा मोठेपणा वाढवणारी याहून सोपी गोष्ट नव्हती. पण हदीस सांगते की त्यांनीच ती खोडून काढली. सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही, असं सांगून त्यांनी नमाज पढवली. मुलगा गेलेल्या बापाने त्या दिवशीही खोटा मान घेतला नाही. मग आपण मोबाईलवर तो का घ्यावा?

विज्ञानही स्वतःशी असंच कडक वागतं. बोरने 1913 मध्ये मांडलेल्या अणूच्या चित्राने हायड्रोजनच्या रेषांचं कोडं सुटलं, पण दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमपाशी ते अडकलं. त्यासाठी नवी क्वांटम यांत्रिकी लागली. भाच्याच्या मोबाईलमधली चिप त्याच यांत्रिकीवर चालते.

आणि तो बसतो तिथलं गवत? पावसात कातळावर जेमतेम चार बोटं मातीत ते तरारून येतं आणि पाऊस सरला की पिवळं पडतं. त्याचे भारे बांधून गुरांची बेगमी होते. गवताची पात लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषते, हिरवा त्यामानाने परत टाकते. शोषलेली ऊर्जा अन्न तयार होण्याच्या जागी इतक्या चटकन कशी पोचते, हा जुना प्रश्न. 2007 मध्ये काही जीवाणूंवरच्या प्रयोगातून निबंध आला की यात क्वांटम लहरींचा हात असावा. तो छापला ‘नेचर’ने, म्हणजे आपल्याच लॉकियरने 1869 मध्ये सुरू केलेल्या नियतकालिकाने. जगभर बोलबाला झाला. पुढे इतर संशोधकांनी मोजमापं तपासली आणि 2020 पर्यंत बहुतेकांचं मत फिरलं. ज्या खुणा क्वांटम लहरींच्या वाटल्या, त्या बहुतांशी रेणूंच्या साध्या कंपनांच्या निघाल्या. कोणी देशद्रोही ठरलं नाही, कोणाचा धर्म बुडाला नाही. गवत वाढतच राहिलं.

हेलियम दिन बंद करा, असं मी म्हणत नाही. उलट जोरात करा. मुलांना सांगा की सावली इथून गेली, शोध दुसरीकडे लागला, आणि तो कसा लागला ते हे बघा. शिरोड्याच्या मिठागराचं चिमूटभर मीठ शिक्षकांनी ज्योतीत टाकावं. ज्योत पिवळीधमक होते, तो सोडियम. जुन्या सीडीचा तुकडा आणि पुठ्ठ्याचं खोकं घेऊन तिचा वर्णपट मुलांना दाखवावा आणि म्हणावं, हेलियमची रेषा या पिवळ्याच्या अगदी शेजारी असते, फरक ओळखायला डोळे तयार पाहिजेत.

लॉकियर न येताही हे आपल्या किल्ल्यात होऊ शकतं.