हेडफोन आणि कानातली शिट्टी

‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी १९६९च्या ‘टॉमी’ अल्बममधली बहुतेक गाणी लिहिली. त्याचा नायक ऐकू न येणारा मुलगा! पुढे खुद्द टाउनशेंड यांनाच कमी ऐकू येऊ लागले, कानात सतत आवाज येऊ लागला. त्यांनी मुख्य दोष दिला तो स्टुडिओतल्या हेडफोनला.

आतल्या कानातल्या नाजूक केसपेशी मोठ्या आवाजाने मरतात आणि पुन्हा तयार होत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज कान दिवसाला ८ तास सोसतो. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते; १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात.

गाणी जरूर ऐका, पण आवाज कमी ठेवा. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर अंगावर काढू नका. श्रवणचाचणी करून घ्या.