कासच्या पठारावरील कीटकभक्षी रोपे

साताऱ्याला गेलेल्या आपल्या माणसाची पावले आधी राजवाड्यातल्या जुन्या शाळेकडे वळतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी छोटा भिवा याच शाळेत दाखल झाला. त्या वास्तूला वंदन करून विहारातील आम्ही तीन कुटुंबे सप्टेंबरातल्या एका रविवारी कासच्या पठाराकडे निघालो. साताऱ्याहून हे अंतर सुमारे २५ किलोमीटर.

पठार म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट सडा. त्यावर मातीचा पातळ थर, आणि त्यातलेही पोषक क्षार पावसाने वाहून गेलेले. अशा उपाशी जमिनीवर फुलांचे गालिचे पसरले होते. जांभळ्या गालिच्याला लोक 'सीतेची आसवे' म्हणतात. दिसायला नाजूक असे हे रोप ओल्या मातीत बारीक फुगे लपवून ठेवते व पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढून घेते, अशी माहिती आमच्यातल्या शिक्षिका ताईंनी दिली.

एवढ्यात मुलांना जमिनीसरशी रुपयाएवढी तांबडी चकती दिसली. ऊन चढले तरी तिच्यावरचे दव वाळले नव्हते! ते दव नव्हेच. पानावरच्या केसांच्या टोकांना असतो तो चिकट रस. म्हणून या रोपाचे नाव दवबिंदू. एक चिलट त्यात अडकले होते. ते जितके धडपडे तितके अधिक चिकटे. कडेचे केस त्याच्यावर वळले. पानातले पाचक रस कीटकाचे मांस विरघळवतात आणि माती जे नत्र देत नाही, ते रोप असे मिळवते. फूल मात्र उंच देठावर; परागासाठी येणारा कीटक खालच्या सापळ्यापासून दूरच राहतो.

आमच्यातल्या एका मुलाने गंमत पाहण्यासाठी नाकतोडा पकडून आणला व पानावर ठेवू लागला. आजींनी त्याचा हात धरला.

"आजी, झाड पाणातिपात करतं ते चालतं का?"

"अरे, झाडाला गरज आहे. तुला कसली गरज?"

मुलगा गप्प झाला. त्याने मूठ उघडली. नाकतोडा गवतात उडून गेला. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांतला भेद बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितला आहे. तो आम्ही अनेकदा वाचला होता. त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

एका मुलीला रोप घरच्या कुंडीत हवे होते. ताईंनी समजावले, "खतामातीत आणि क्षाराच्या पाण्यात हे जगत नाही बाळ. ओली, निकस जमीन हेच त्याचं घर." आम्ही एकही रोप उपटले नाही.

सप्टेंबरात साताऱ्याला जाल तेव्हा मुलांना ती शाळा अवश्य दाखवा. पठारावर जाताना एक भिंग जवळ ठेवा, आणि मुलांच्या प्रश्नांसाठी थोडा वेळही.