ताटातली शेवंती

हादग्याच्या आणि शेवग्याच्या फुलांची भाजी आपण आवडीने खातो, केळफुलासाठी हात काळे करून घेतो. शेवंतीपाशी मात्र अडतो. ती देवाची, वेणीची, दसऱ्याच्या हाराची. जपानच्या यामागाता भागात खास खाण्यासाठी शेवंती पिकवतात, चीनमध्ये तिचा चहा घरोघरी होतो. माझ्या अंगणातली रेवडी जातीची पिवळी शेवंतीही आता आमच्या कोशिंबिरीत येते.

मी घाटावर, बुलढाण्यात राहतो. घाटाखाली मलकापूर-शेगावकडे मे महिना रोपांना भाजून काढतो. इथे ती सावलीत तगतात. अडचण मातीची. आमची काळी जमीन कपाशीला मानवते, पण पावसात पाणी धरून ठेवते आणि शेवंतीचं मूळ कुजतं. म्हणून वाफा उंच करायचा, मातीत मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळायचं. बहर संपला की झाड जमिनीलगत छाटायचं. बुडाशी फुटलेल्या काश्या मुळांसकट सोडवून मिरगाच्या तोंडाशी लावायच्या. रोप धरलं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात.

शेवंती रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही. व्हरांड्यातला दिवा तिच्यावर रात्रभर जळत राहिला, तर ती नुसत्या पाल्यावर जाते.

खायचं ठरलं की खरी परीक्षा माव्याची. कोवळ्या शेंड्यांवर तो हमखास येतो. बाजारासाठी पिकवणाऱ्याला फूल डागून चालत नाही, म्हणून तो फवारतो. मला डाग चालतो, फवारा चालत नाही. मी पाण्याच्या धारेने मावा पाडतो, उरलेला बोटांनी चिरडतो. ढालकिडे दिसले तर हात आखडता घेतो, कारण ते माझंच काम करत असतात. निंबोळी अर्क वापरलाच तर कळ्या यायच्या आधी.

फुलं सकाळी दव सुकल्यावर तोडावीत. फक्त पाकळ्या घ्याव्यात. देठ आणि मधला गोंडा कडू लागतो. मिठाच्या पाण्यात धुऊन उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवल्या की कडवटपणा उतरतो, सुगंध राहतो. मग दही, मीठ, वरून हिरव्या मिरचीची फोडणी. पहिल्यांदा चमचाभरच खावी. ज्यांच्या अंगाला गाजरगवताने खाज सुटते त्यांनी तर शेवंती खाऊच नये. दोन्ही एकाच कुळातली आहेत.

आणि हारातली, बाजारातली फुलं कितीही ताजी दिसली तरी ताटात घेऊ नका. नर्सरीतून रोप आणलंत तर त्याची पहिली फुलं देवाला वाहा, पुढच्या वर्षी त्याच्याच काश्या बिनफवाऱ्याच्या वाढवा. खाण्यासाठी दोन कुंड्या वेगळ्या ठेवल्या तरी घराला पुरतात.