एकच डोळा लाल होता

2023 च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ आली आणि बघता बघता पुणे जिल्ह्यात पसरली. इकडे मुळशीतही वर्गात रोज दोन-चार मुले डोळे चोळत यायची. आम्ही त्यांना घरी पाठवायचो. हात धुवा, रुमाल वेगळा ठेवा, असे पालकांना बजावायचो. त्याच दिवसांत घरी अम्मींचा डावा डोळा लाल झाला. "डोळे आलेत, चार दिवसांत जातील," असे आम्हीच म्हणालो.

अम्मी सांगत होत्या, "डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतंय." दारातून उजेड आला की त्या ओढणी डोळ्यावर घ्यायच्या. पाणी सारखे यायचे, पण सकाळी पापण्या चिकटलेल्या नसायच्या. उजवा डोळा अगदी स्वच्छ होता. साथीत बहुधा दोन-तीन दिवसांत दुसराही डोळा येतो. हे सगळे समोर होते, पण आम्ही साथ धरूनच बसलो होतो.

शेजारच्या मुलाला ज्या थेंबांनी बरे वाटले, तेच आम्ही दुकानातून आणले. दोन दिवसांत लाली उतरली. दुखते का, असे विचारले तर अम्मी म्हणाल्या, "फारसं नाही." आम्ही निश्चिंत झालो. आठव्या दिवशी फजरनंतर त्या तिलावतीला बसल्या, उजवा डोळा पुसायला मिटला आणि दचकल्या. डाव्या डोळ्याला अक्षरांवर धुके दिसत होते. त्याच दिवशी आम्ही पुणे गाठले.

नेत्रतज्ज्ञांनी केशरी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला लावून निळा प्रकाश टाकला. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर हिरवी चमकणारी जखम दिसली, झाडाच्या फांदीसारखी. हा हर्पीसचा विषाणू होता. आमच्या थेंबांत स्टेरॉइड होते. ते लाली दाबते, पण या विषाणूला मोकळे रान देते. दुखणे कमी वाटले, कारण हा विषाणू त्या पडद्याची संवेदनाच बोथट करतो. ज्या दोन गोष्टींवर आम्ही समाधान मानले, त्या दोन्ही फसव्या होत्या.

हर्पीस हा शब्द ऐकून आम्हाला संकोच वाटला. घरी काय सांगायचे? डॉक्टरांनी समजावले की, तापानंतर ओठांच्या कडेला फोड उठतात तोच बहुधा हा विषाणू. लहानपणी घरच्यांच्या लाडातून, लाळेतून तो बहुतेकांच्या शरीरात शिरतो आणि चेहऱ्याच्या नसेत झोपून राहतो. पुढे ताप आला, शरीरावर ताण पडला की कधीतरी जागा होतो. यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. लाजेपोटी इलाज लांबवला, तर मात्र नजर जाऊ शकते.

म्हणून लक्षात ठेवावे: एकच डोळा लाल, उजेड सहन न होणे, खुपणे, पाणी येणे, धूसर दिसणे. यातले काही असेल तर एकेक डोळा झाकून नजर तपासा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर नागिणीचे फोड उठले, तर लेप लावत बसू नका. तीही हर्पीसच्याच कुळातली आहे आणि डोळ्यात उतरू शकते. उरलेले थेंब, मध, सुरमा काही घालू नका. सुरम्याची सलाई तर घरभर फिरते. स्टेरॉइड लागलेच, तर ते तज्ज्ञच विषाणूविरोधी औषधासोबत आपल्या देखरेखीखाली देतात.

अम्मींना असायक्लोव्हिरचे मलम दिवसातून पाच वेळा लावावे लागले. जखम भरली, पण पांढुरका डाग राहिला. हा आजार उलटतो. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात वर्षभर असायक्लोव्हिरच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी 19 टक्के रुग्णांत तो परतला. गोळ्या न घेणाऱ्यांत हे प्रमाण 32 टक्के होते. वारंवार त्रास होत असेल, तर डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावे.

आजही अम्मी मोठ्या अक्षरांचा कुरआन उजव्या डोळ्याने वाचतात. आम्हाला कधी बोल लावत नाहीत, "अल्लाहची मर्जी" म्हणतात. पण इलाज करणे ही सुन्नत आहे, आणि वेळेवर करणे आमच्या हातात होते. तुमच्या घरात ही चूक होऊ नये, म्हणून हे लिहिले. अल्लाह सर्वांची नजर सलामत ठेवो. आमीन.